अवरक्त प्रारण

विद्युत् चुंबकीय वर्णपटातील दृश्य तांबड्या प्रकाशापेक्षा अधिक व सूक्ष्मतरंगांपेक्षा कमी तरंगलांबी असलेले अदृश्य प्रारण (तरंगरूपाने बाहेर टाकली जाणारी ऊर्जा). याची तरंगलांबी सु. ०·७५ ते १,००० मायक्रॉन (१ मायक्रॉन = मीटरचा दहा लाखावा भाग) असते. याची कंप्रता (दर सेकंदास होणाऱ्या कंपनांची संख्या) तांबड्या प्रकाशाच्या कंप्रतेहून कमी असते, म्हणून त्यास अवरक्त म्हणजे ‘तांबड्याच्या खालचे’ असे नाव पडले आहे. सोयीसाठी त्याचे निकट अवरक्त (सु. ३ मायक्रॉनपर्यंत), मध्य अवरक्त (सु. ३ ते ३० मायक्रॉन) व दूर अवरक्त (त्यापुढील) असे तीन विभाग करतात, मात्र या विभागांच्या सीमा सर्वत्र सारख्याच मानल्या जात नाहीत. निरपेक्ष शून्यापेक्षा (–२७३·१५° से.) अधिक तापमान असलेला प्रत्येक पदार्थ प्रारण बाहेर टाकीत असतो व नेहमीच्या तापमानांस त्याचा जवळजवळ सर्व भाग अवरक्त असतो.

या प्रारणाचे कार्य ठळकपणे अनुभवास येते अशा प्रदेशांपैकी वऱ्हाड हा एक होय. पूर्णा नदीच्या खोऱ्यातील कापसाची काळी जमीन, मे महिन्यात ४५° से.च्या वर जाणारे तापमान, कोरडी हवा, नदीच्या दोन्ही अंगांस पसरलेला खारपाणपट्टा आणि उत्तरेस गाविलगडच्या डोंगररांगांतील मेळघाटचे पानझडी वन यांचा अभ्यास करताना अवरक्त प्रारण वारंवार विचारात घ्यावे लागते. म्हणून प्रस्तुत नोंदीत उपयोगांची विशेष उदाहरणे अमरावती व अकोला या जिल्ह्यांतील दिली आहेत.

इतिहास : विल्यम हर्शेल या ज्योतिर्विदांनी १८०० मध्ये सूर्यप्रकाशाचा काचेच्या लोलकाने वर्णपट पाडून त्याच्या निरनिराळ्या रंगांत काळा फुगा असलेले तापमापक ठेवले. जांभळ्याकडून तांबड्याकडे जाताना तापमानातील वाढ अधिक होते व तांबड्याच्या पलीकडे, जेथे डोळ्यास काहीच दिसत नाही तेथे ती सर्वांत जास्त असते, असे त्यांना आढळले. या अदृश्य किरणांचे परावर्तन व प्रणमन (माध्यम बदलताना दिशा बदलणे) प्रकाशाप्रमाणेच होते, हेही त्यांनी दाखविले. टोमास झेबेक यांनी १८२१ मध्ये शोधलेल्या तापविद्युत् परिणामाच्या आधारे लेओपोल्डो नोबिली व माचेदोनिओ मेल्लोनी यांनी तपचिती (अनेक तपयुग्मे जोडून केलेले संवेदनशील उपकरण) तयार केली. काच दीर्घ तरंगलांबीचे अवरक्त प्रारण शोषून घेते, तर सैंधव मिठाचा स्फटिक ते जाऊ देतो, हे मेल्लोनी यांनी दाखविल्यामुळे पुढील संशोधनास मोठी चालना मिळाली. जॉन टिंडल यांनी १८५९ नंतरच्या प्रयोगांत पाण्याची वाफ व कार्बन डाय-ऑक्साइड हे वायू अवरक्ताचे जोमाने शोषण करतात, परंतु ऑक्सिजन व नायट्रोजन करीत नाहीत, असे सिद्ध केले. सॅम्युएल लँग्ली यांनी १८८० च्या सुमारास बोलोमीटर (प्रारणाने तापणाऱ्या धातूच्या पट्टीच्या विद्युत् रोधातील बदल मोजणारे उपकरण) बनविला. कृष्ण पदार्थाच्या प्रारणाचे पूर्ण स्पष्टीकरण माक्स प्लांक यांनी १९०० मध्ये दिले व त्यातूनच पुंज सिद्धांताचा उगम झाला.

मूलभूत नियम : आपल्यावर पडणारे सर्व प्रारण शोषून घेणाऱ्या आदर्श पदार्थास कृष्ण पदार्थ म्हणतात. त्याने टाकलेले प्रारण केवळ त्याच्या तापमानावर अवलंबून असते. व्हिल्हेल्म व्हीन यांच्या १८९३ मधील नियमानुसार सर्वाधिक प्रारण ज्या तरंगलांबीस होते ती (मायक्रॉनमध्ये) २,८९८ या संख्येस निरपेक्ष तापमानाने (केल्व्हिनमध्ये) भागून मिळते. सूर्यपृष्ठाचे तापमान सु. ५,८०० केल्व्हिन असल्याने त्याचे कमाल प्रारण ०·५ मायक्रॉनला, म्हणजे दृश्य प्रकाशात पडते. मनुष्याच्या त्वचेचे कमाल प्रारण सु. ९·४ मायक्रॉनला, उन्हाने ६०° से.पर्यंत तापलेल्या जमिनीचे ८·७ मायक्रॉनला, तर सु. ८०० केल्व्हिन तापमानाच्या वणव्याचे ३·६ मायक्रॉनला असते. या आकड्यांतील अंतरामुळेच योग्य तरंगलांबी निवडून जमीन, प्राणी व आग यांत भेद करता येतो.

योझेफ श्टेफान यांनी १८७९ मध्ये मांडलेल्या नियमाप्रमाणे एकूण प्रारण निरपेक्ष तापमानाच्या चौथ्या घाताच्या प्रमाणात वाढते. त्यामुळे ३०° से. तापमानाची जमीन दर चौ.मी.ला सु. ४७८ वॉट, तर ६०° से. तापमानाची जमीन सु. ६९७ वॉट प्रारण बाहेर टाकते (दोन्ही आकडे कृष्ण पदार्थासाठी). प्रत्यक्ष पदार्थांचे प्रारण त्यांच्या उत्सर्जकतेनुसार (कृष्ण पदार्थाच्या तुलनेत प्रारण टाकण्याच्या क्षमतेनुसार) याहून कमी असते. माती, पाणी, वनस्पती, चुना व मनुष्याची त्वचा यांची उत्सर्जकता ०·९ च्या वर, तर चकचकीत धातूंची पुष्कळच कमी असते. डोळ्यास काळा अथवा पांढरा दिसण्याशी या गुणधर्माचा संबंध असतोच असे नाही. चुना दृश्य प्रकाशात पांढरा, पण मध्य अवरक्तात जवळजवळ काळा असतो.

वातावरणातील शोषण : रेणूतील अणूंच्या कंपनाने विद्युत् द्विध्रुव परिबल (धन व ऋण भार विलग असल्याचे मान) बदलत असेल, तरच तो रेणू अवरक्ताचे शोषण करू शकतो. ऑक्सिजन व नायट्रोजन यांचे रेणू सममित असल्याने ते पारदर्शक ठरतात. पाण्याच्या वाफेचे शोषण ६·३ मायक्रॉनच्या आसपास व दूर अवरक्तात, तर कार्बन डाय-ऑक्साइडाचे ४·३ व १५ मायक्रॉनच्या आसपास तीव्र असते. यांच्या दरम्यान ३ ते ५ व ८ ते १४ मायक्रॉन या पट्ट्यांत वातावरण बरेच पारदर्शक असते. त्यांस वातावरणीय गवाक्षे म्हणतात. भूपृष्ठाने टाकलेल्या प्रारणाचा जो भाग वायू शोषतात, त्यातील काही ते परत जमिनीकडे टाकतात. या पादपगृह परिणामामुळे पृथ्वीच्या पृष्ठाचे सरासरी तापमान सु. १५° से. राहते, अन्यथा ते सु. –१८° से. असते. औद्योगिक काळापूर्वी दशलक्ष भागांत सु. २८० भाग असलेले कार्बन डाय-ऑक्साइडाचे प्रमाण आता ४२० भागांच्या वर गेले असून तापमानवाढीचे ते प्रमुख कारण होय.

वऱ्हाडातील उन्हाळा व निवारा : जमिनीवर पोहोचणाऱ्या सौर ऊर्जेपैकी सु. निम्मी निकट अवरक्त स्वरूपात असते. काळी जमीन दृश्य व निकट अवरक्त या दोन्हींचा मोठा भाग शोषते. पीक निघून गेलेल्या, ओलावा संपलेल्या जमिनीत ही ऊर्जा पाण्याच्या बाष्पीभवनात खर्च होत नाही, म्हणून जमिनीचे पृष्ठ हवेपेक्षा कितीतरी अधिक तापते आणि आपल्या प्रारणाने व संपर्काने हवेस तापविते. मे २०२४ मध्ये अकोला जिल्ह्यात उष्णतेमुळे जिल्हा प्रशासनास प्रतिबंधात्मक आदेश काढावे लागले होते. अशा दिवसांत घराच्या छपराचे स्वरूप महत्त्वाचे ठरते.

टिनाच्या छपराची अडचण त्याच्या उत्सर्जकतेत आहे. जस्ताचा मुलामा दिलेला नवा पत्रा सूर्यप्रकाशाचा बराच भाग परावर्तित करतो, परंतु जो भाग शोषला जातो तो अवरक्त रूपाने आकाशाकडे टाकून देण्याची त्याची क्षमता अल्प असते. त्यामुळे पत्रा अतिशय तापतो. जुना झाल्यावर त्याची परावर्तनक्षमताही घटते. त्याची आतील बाजू गंजलेली वा काजळी धरलेली असल्यास ती मात्र चांगली उत्सर्जक असते. असे ५५° से. तापमानाचे छप्पर खालच्या दिशेने दर चौ.मी.ला सु. ६५० वॉटपर्यंत प्रारण टाकते, तर ३५° से. तापमानाची त्वचा सु. ५१० वॉट टाकते. म्हणजे छपराकडे असलेल्या शरीरपृष्ठास प्रारणाने उष्णता मिळत राहते. पंख्याचा वारा हे प्रारण थांबवू शकत नाही, म्हणून हवेचे तापमान सुसह्य वाटत असतानाही पत्र्याखाली अंगाची लाही होते. छपरावर चुन्याचा पांढरा थर दिल्यास दुहेरी लाभ होतो: सूर्यप्रकाशाचे परावर्तन वाढते व शोषलेली उष्णता उच्च उत्सर्जकतेमुळे आकाशाकडे जाते. पत्र्याखाली तट्ट्या, कापड वा फळ्यांचे अस्तर बांधल्यास पत्र्याचे प्रारण शरीरापर्यंत सरळ पोहोचत नाही. वऱ्हाडातील जुन्या धाब्याच्या घरांत छपरावरील मातीचा जाड थर दिवसाची उष्णता आत पोहोचण्यास अनेक तासांचा विलंब लावतो.

रात्री अंगणात वा गच्चीवर बाज टाकून झोपण्याच्या प्रथेसही प्रारणाचा आधार आहे. निरभ्र व कोरड्या हवेत ८ ते १४ मायक्रॉनच्या गवाक्षातून शरीराचे व जमिनीचे प्रारण थेट निघून जाते आणि त्या बदल्यात आकाशाकडून कमी प्रारण येते. जूनच्या आरंभी ढग आले की, तेच ढग या गवाक्षात उबदार आच्छादनाप्रमाणे प्रारण परत पाठवितात. शिवाय हवेतील आर्द्रतेने घाम वाळत नाही. म्हणून दिवसाचे तापमान उतरलेले असूनही रात्र अधिक उकाड्याची वाटते. हिवाळ्यात याच कारणाने निरभ्र रात्री जमीन लवकर थंड होऊन दव पडते.

अभिज्ञातक : अवरक्त प्रारण ओळखणाऱ्या उपकरणांचे (अभिज्ञातकांचे) दोन वर्ग आहेत. औष्णिक अभिज्ञातकांत प्रारणाने पदार्थाचे तापमान वाढते व ती वाढ मोजली जाते. तपचिती, बोलोमीटर व तापमान बदलताच पृष्ठावर विद्युत् भार निर्माण होणारे स्फटिक ही यांची उदाहरणे होत. प्रकाशीय अभिज्ञातकांत प्रारणाचे पुंज अर्धसंवाहकातील इलेक्ट्रॉन मुक्त करतात. निकट अवरक्तासाठी सिलिकॉन (सु. १·१ मायक्रॉनपर्यंत), तर पुढील पट्ट्यांसाठी इंडियम अँटिमनाइड आणि पारा, कॅडमियम व टेल्यूरियम यांची संयुगे वापरतात. उपकरण स्वतःच अवरक्त टाकीत असल्याने दीर्घ तरंगलांबीसाठी अभिज्ञातक द्रव नायट्रोजनाच्या (सु. –१९६° से.) किंवा त्याहूनही कमी तापमानास ठेवावा लागतो. सूक्ष्म बोलोमीटरांच्या जाळीमुळे शीतनाशिवाय चालणारे उष्माचित्रक (औष्णिक कॅमेरे) उपलब्ध झाले आहेत.

शेतीतील उपयोग : हिरवे पान तांबड्या प्रकाशाचे (सु. ०·६७ मायक्रॉन) हरितद्रव्याकरवी शोषण करते, परंतु ०·७५ ते १·३ मायक्रॉनच्या निकट अवरक्ताचा सु. निम्मा भाग परावर्तित करते. पानाच्या आतील पेशी व त्यांमधील हवेच्या पोकळ्या यांच्या सीमांवर होणारे प्रकीर्णन (विखुरणे) हे त्याचे कारण होय. डोळ्यास हिरवे दिसणारे पीक निकट अवरक्तात म्हणूनच अत्यंत तेजस्वी असते. पीक रोगट होऊ लागले वा सुकू लागले की, हे परावर्तन घटते व तांबड्या प्रकाशाचे वाढते. पाण्याचे शोषणपट्ट १·४५ व १·९४ मायक्रॉनच्या आसपास असल्याने तेथील परावर्तनावरून पानातील ओलाव्याचा अंदाज येतो.

निकट अवरक्त व तांबड्या परावर्तनांतील फरकास त्यांच्या बेरजेने भागले असता वनस्पती निर्देशांक मिळतो. उदा., बोंडे धरलेल्या दाट कपाशीचे निकट अवरक्त परावर्तन ०·४५ व तांबडे ०·०५ असल्यास निर्देशांक ०·८० येतो; उघड्या काळ्या जमिनीसाठी ही परावर्तने ०·१२ व ०·०८ असल्यास तो ०·२० येतो. निकट अवरक्तास तांबडा रंग देऊन तयार केलेल्या आभासी रंगी प्रतिमेत भरघोस पीक गडद तांबडे, उघडी जमीन करडी वा निळसर आणि पाणी काळे दिसते. पाणी निकट अवरक्त जवळजवळ पूर्णपणे शोषते, त्यामुळे काटेपूर्णा व ऊर्ध्व वर्धा यांसारख्या जलाशयांची जलरेषा स्पष्टपणे आखता येते.

भारतात या तंत्राचा एक आरंभीचा प्रयोग १९७० मध्ये केरळात झाला. पी. आर. पिशरोटी यांच्या मार्गदर्शनाखाली हेलिकॉप्टरमधून अवरक्त रंगीत फिल्मवर नारळीच्या बागांची छायाचित्रे घेऊन मूळ-मर रोगाने ग्रासलेली झाडे ओळखण्यात आली. १७ मार्च १९८८ रोजी सोडलेल्या ‘आयआरएस-१ए’ या भारतीय सुदूर संवेदन उपग्रहावरील कॅमेऱ्यांत ०·७७ ते ०·८६ मायक्रॉनचा पट्टा होता. त्याच वर्षी नागपूर येथे महाराष्ट्र सुदूर संवेदन उपयोजन केंद्र स्थापन झाले. अकोला येथील डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ (स्थापना १९६९) हे वऱ्हाडातील कृषी संशोधनाचे प्रमुख केंद्र होय.

वऱ्हाडातील शेतीस या तंत्राने मिळणाऱ्या माहितीस काही निश्चित मर्यादा आहेत. ‘आयआरएस-१ए’वरील एका कॅमेऱ्याचा चित्रघटक (प्रतिमेतील लहानात लहान चौकोन) ७२·५ मी. बाजूचा, म्हणजे सु. अर्ध्या हेक्टराचा होता. लहान धारकाचे सबंध शेत त्यात मावत असे. कपाशीच्या ओळींत तुरीची ओळ घेण्याच्या पद्धतीमुळे एका चित्रघटकात दोन पिके व उघडी जमीन यांचे परावर्तन मिसळते. २०१५ पासून कार्यरत असलेल्या यूरोपीय ‘सेंटिनेल-२’ उपग्रहांचा निकट अवरक्त चित्रघटक १० मी. बाजूचा, म्हणजे एक आर क्षेत्राचा असल्याने ही अडचण पुष्कळ कमी झाली आहे. दुसरी मर्यादा ढगांची आहे. जुलै-ऑगस्टमध्ये, जेव्हा पावसाच्या खंडाचा परिणाम जाणून घेण्याची निकड असते, तेव्हाच आकाश झाकलेले असते व ढगांतून अवरक्त आरपार येत नाही. यासाठी सूक्ष्मतरंगांवर चालणाऱ्या रडार उपग्रहांची जोड द्यावी लागते. तिसरी मर्यादा कीटकांच्या बाबतीत आढळते. २०१७ मध्ये विदर्भातील कपाशीचे मोठे नुकसान करणारी गुलाबी बोंडअळी बोंडाच्या आत राहते व पाने बहुधा हिरवीच असतात. त्यामुळे वरून भरघोस दिसणाऱ्या पिकातील बोंडे पोखरलेली असू शकतात. पीक विम्यातील नुकसानीच्या अंदाजासाठी उपग्रहीय माहितीचा वापर वाढत असल्याने निर्देशांक म्हणजे उत्पन्न नव्हे, ही गोष्ट ध्यानात ठेवणे आवश्यक असते. प्रत्यक्ष पीक कापणी प्रयोग व शेतातील पाहणी यांची जोड दिल्यावरच अशा अंदाजास पुरेशी विश्वसनीयता येते.

औष्णिक अवरक्ताचा उपयोग याहून वेगळा आहे. पुरेसे पाणी मिळणारे पीक बाष्पोत्सर्जनाने (पानांतून पाणी वाफेच्या रूपाने जाण्याने) थंड राहते. कोरड्या हवेत पानांचे तापमान हवेपेक्षा काही अंशांनी कमी असू शकते. मुळांना ओलावा कमी पडू लागला की, पानांवरील रंध्रे मिटतात व पाने तापतात. हा बदल पीक डोळ्यांदेखत कोमेजण्यापूर्वीच हातातील अवरक्त तापमापकाने कळतो. अमेरिकेतील ॲरिझोना येथे १९८१ च्या सुमारास यावर आधारित जलताण निर्देशांक तयार करण्यात आला. पावसाच्या पाण्यावरील कपाशीस बोंडे भरताना शेततळ्यातील मोजके पाणी केव्हा द्यावे, हे ठरविण्यास अशी मोजणी उपयुक्त ठरते.

खारपाणपट्टा : अमरावती, अकोला व बुलढाणा या जिल्ह्यांत पूर्णा नदीच्या खोऱ्यात सु. ४·७ लाख हेक्टर क्षेत्राचा खारपाणपट्टा आहे. येथील भूजल खारे असून जमिनीत सोडियमाचे प्रमाण अधिक असल्याने चिकणमातीचे कण फुगून छिद्रे बंद होतात व पाणी खाली मुरत नाही. पृष्ठावर क्षारांचा पांढरा थर जमल्यास दृश्य व निकट अवरक्त परावर्तन वाढते व अशी जमीन प्रतिमेत सहज ओळखता येते. पूर्णा खोऱ्यातील सोडियमयुक्त काळ्या जमिनीवर मात्र असा थर बऱ्याचदा दिसत नाही. वरून ती चांगल्या जमिनीसारखीच काळी असते. म्हणून पिकाची वाढ कोठे खुंटते हे अनेक वर्षांच्या वनस्पती निर्देशांकांवरून पाहून तेथील मातीचे नमुने तपासणे इष्ट ठरते. प्रयोगशाळेत चिकणमाती व तिच्यातील पाणी यांचे १·४, १·९ व २·२ मायक्रॉनच्या आसपासचे शोषणपट्ट मोजून मातीच्या घटकांविषयी जलद माहिती मिळविता येते. राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण व भूमी उपयोग नियोजन ब्यूरोचे मुख्यालय नागपूर येथे असून मृदा नकाशांसाठी तेथे सुदूर संवेदनाचा उपयोग केला जातो.

वणव्यांचा शोध : मेळघाटातील सागाच्या पानझडी वनात फेब्रुवारीपासून पावसाळ्यापर्यंत वाळलेला पाला साचतो व मोहफुले वेचण्यासाठी झाडाखालची जागा जाळणे, विडी-काडी टाकणे यांसारख्या कारणांनी वणवे लागतात. उपग्रहावरून ते शोधण्यास ४ मायक्रॉनच्या आसपासचा पट्टा विशेष उपयुक्त असतो. प्लांक यांच्या सूत्रानुसार ८०० केल्व्हिन तापमानाच्या ज्वलनक्षेत्राचे प्रारण ३०० केल्व्हिन तापमानाच्या तेवढ्याच जमिनीच्या तुलनेत ११ मायक्रॉनला केवळ सु. १९ पट, परंतु ४ मायक्रॉनला सु. १,८०० पट असते. एक चौ.किमी.च्या चित्रघटकात केवळ १,००० चौ.मी. जागा पेटलेली असली, तरी ४ मायक्रॉनला एकूण संकेत सु. २·८ पट होतो, तर ११ मायक्रॉनला तो जेमतेम दोन टक्क्यांनी वाढतो. दोन्ही पट्ट्यांची तुलना करून आग व तापलेली जमीन यांत भेद करतात.

‘टेरा’ (१९९९) व ‘ॲक्वा’ (२००२) या उपग्रहांवरील संवेदक एक किमी.च्या चित्रघटकाने, तर २०११ मध्ये सोडलेल्या ‘सुओमी एनपीपी’वरील संवेदक ३७५ मी.च्या चित्रघटकाने आगी शोधू शकेल असे बनविण्यात आले. डेहराडून येथील भारतीय वन सर्वेक्षण ही संस्था २००४ पासून अशा माहितीच्या आधारे राज्यांच्या वन खात्यांना सूचना देत आहे. तथापि उपग्रह ठराविक वेळीच माथ्यावरून जातो. दोन फेऱ्यांमध्ये लागून विझलेली आग, दाट छत्राखाली धुमसणारा पाला व दरीआड गेलेल्या ज्वाळा यांची नोंद होत नाही. शेतातील पऱ्हाट्या वा काडीकचरा जाळल्याचीही वणवा म्हणून नोंद होऊ शकते. म्हणून जाळरेषा (आग पसरू नये म्हणून पाला काढून मोकळे ठेवलेले पट्टे) व वनरक्षकांची गस्त यांचे महत्त्व कायम आहे.

वन्य प्राण्यांची गणना : मेळघाट हे १९७३-७४ मध्ये व्याघ्र प्रकल्पात समाविष्ट झालेल्या पहिल्या नऊ क्षेत्रांपैकी एक होय. तेथील पायवाटांवर बसविलेल्या स्वयंचलित कॅमेऱ्यांत अवरक्त संवेदक असतो. प्राणी समोरून गेल्यास त्याच्या व पार्श्वभूमीच्या अवरक्त प्रारणांतील फरक हलतो व कॅमेरा चालू होतो. काही कॅमेऱ्यांत रात्री ०·८५ ते ०·९४ मायक्रॉनचे प्रकाशक वापरून प्राण्यास न बिचकविता कृष्णधवल छायाचित्र घेतले जाते. वाघाच्या अंगावरील पट्टे प्रत्येकात वेगळे असल्याने त्यावरून वाघ ओळखतात. उन्हाळ्यातील दुपारी जमीन व खडक प्राण्याच्या अंगाइतकेच तापले असता हा फरक अल्प राहून संवेदकाची कार्यक्षमता घटते. रात्री व पहाटे ती उत्तम असते.

हवामानशास्त्र : २६ जुलै २०१३ रोजी सोडलेल्या ‘इन्सॅट-३डी’ या भूस्थिर उपग्रहावर औष्णिक अवरक्त पट्टे होते. ढगांचे माथे जितके उंच तितके थंड असल्याने त्यांच्या प्रारणावरून गडगडाटी ढगांची वाढ रात्रीही पाहता येते. फेब्रुवारी-मार्च २०१४ मध्ये विदर्भासह महाराष्ट्राच्या मोठ्या भागात गारपिटीने रबी पिकांची व फळबागांची हानी झाली. अशा ढगांचा पूर्वसंकेत मिळण्यास अवरक्त प्रतिमा व हवामान रडार यांचा एकत्रित उपयोग करतात.

उद्योग व दैनंदिन व्यवहार : सोयाबीन, सरकी व धान्ये यांतील ओलावा, तेल व प्रथिने यांचे प्रमाण दाणे न नासता निकट अवरक्त परावर्तनावरून काही क्षणांत मोजता येते, कारण हायड्रोजनाचे ऑक्सिजन, कार्बन व नायट्रोजन यांच्याशी असलेले बंध ठराविक तरंगलांबींचे शोषण करतात. माल विकताना ओलाव्याच्या कारणाने भाव कापला जातो. अशा वेळी प्रमाणित उपकरणाने केलेली मोजणी शेतकरी व व्यापारी या दोघांच्या हिताची असते. कापूस वाहून नेणाऱ्या नळ्यांत ठिणगी ओळखणारे अवरक्त संवेदक बसवून गिरण्यांतील आगी टाळतात. विद्युत् उपकेंद्रांतील सैल सांधे तापलेले असल्याने उष्माचित्रकात उठून दिसतात व प्रवाह बंद न करता दोष सापडतो. दूरचित्रवाणी संचाचे दूरनियंत्रक ०·९४ मायक्रॉनच्या, तर काचतंतूंतून होणारे दूरध्वनी व आंतरजाल यांचे संदेशवहन १·३१ व १·५५ मायक्रॉनच्या आसपासच्या प्रारणाने चालते.

वैद्यक : बोटास लावून रक्तातील ऑक्सिजनाचे प्रमाण दाखविणारे उपकरण तांबडा प्रकाश (०·६६ मायक्रॉन) व निकट अवरक्त (०·९४ मायक्रॉन) यांच्या शोषणांची तुलना करते. २०२० मधील कोविड-१९ च्या साथीत ते घरोघरी परिचित झाले. त्याच काळात प्रचारात आलेले कपाळाचे तापमान दुरून मोजणारे तापमापक त्वचेचे प्रारण मोजतात, शरीराच्या आतील तापमान नव्हे. उन्हातून आलेल्या व्यक्तीचे वाचन त्यामुळे चुकीने अधिक येते. तिला काही वेळ सावलीत बसवून मोजणी करावी. स्नायूंचे दुखणे व सांध्यांचा ताठरपणा यांवर अवरक्त दिव्याचा शेक देतात.

ज्योतिषशास्त्र : आंतरतारकीय धूळ दृश्य प्रकाश अडविते, परंतु दीर्घ तरंगलांबीचे अवरक्त तिच्यातून पार होते. त्यामुळे नवजात तारे व आकाशगंगेचे केंद्र यांचा अभ्यास करता येतो. वातावरणातील वाफ टाळण्यासाठी उंच पर्वत, बलून व उपग्रह यांचा आश्रय घ्यावा लागतो. राजस्थानातील अबूच्या पहाडावर १·२ मी. व्यासाची अवरक्त दूरदर्शी आहे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने बलूनवरील एक मी. व्यासाच्या दूरदर्शीने दूर अवरक्त निरीक्षणे केली आहेत. २५ डिसेंबर २०२१ रोजी सोडलेली ‘जेम्स वेब’ ही ६·५ मी. व्यासाची दूरदर्शी पृथ्वीपासून सु. १५ लाख किमी. अंतरावरून सु. ०·६ ते २८ मायक्रॉनपर्यंतची निरीक्षणे घेते.

धोके व दक्षता : अवरक्ताच्या पुंजाची ऊर्जा अल्प असल्याने क्ष-किरणांप्रमाणे त्यापासून रेणूंचे आयनीभवन होत नाही. याचे अपाय मुख्यतः उष्णतेचे असतात. भट्टीपुढे वर्षानुवर्षे काम करणारे काच कारागीर व लोहार यांच्या डोळ्यांतील भिंगास मोतीबिंदू होण्याचा संभव असतो, म्हणून अवरक्तरोधी चष्मा वापरावा. निकट अवरक्त लेसर अदृश्य असल्याने पापणी आपोआप मिटत नाही व दृष्टिपटलास इजा होते. उन्हाळ्यात उघड्या रानात काम करणाऱ्या व्यक्तीस वरून सूर्याचे व खालून तापलेल्या जमिनीचे असे दुहेरी प्रारण मिळते. सावलीत मोजलेले हवेचे तापमान या भाराची पूर्ण कल्पना देत नाही. त्यामुळे उष्माघात टाळण्यासाठी कामाच्या वेळा, डोक्यावरील आच्छादन, पाणी व विश्रांतीची जागा ठरविताना केवळ तापमापकाचा आकडा न पाहता प्रारणाचाही विचार करणे आवश्यक असते.